हस्तरक्षण, जिम्नॅस्टिक्समधील

बार व रिंग या साधनांवर झोके घेताना तळहाताची कातडी जपण्याचे उपाय. प्रौढ नवशिक्यांचे वजन मुलांपेक्षा जास्त आणि तळवे न सरावलेले असल्याने बोटांच्या मुळाशी घट्टे येऊन ते सोलवटतात.

ग्रिप हा चामडी पट्टा असून तो बोटांत अडकवून मनगटावर आवळतात. त्यातील गोल कांडी बारवर पकड देते. पुरुषांच्या आडव्या बारचा व्यास २८ मिमी, तर महिलांच्या असमान बारचा ४० मिमी असल्याने त्यांच्या ग्रिप निराळ्या असतात. सैल किंवा लांब ग्रिप बारभोवती दुमडून अडकल्यास मनगटाचे हाड मोडू शकते. म्हणून आधी उघड्या हातांनी पकड कमवावी. ग्रिप प्रशिक्षकाच्या देखरेखीखालीच वापरावी.

घाम शोषण्यासाठी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड लावतात; जबलपूरसारख्या ठिकाणच्या दमट पावसाळ्यात तिची गरज अधिक भासते. सरावानंतर हात धुऊन तेल किंवा मलम चोळावे. घट्टे भिजवून वज्रीने हलकेच घासावेत. कातडी सोलवटल्यास जखम धुऊन झाकावी व ती भरेपर्यंत बारवर जाऊ नये.

जबलपूर ज्या राज्यात आहे त्या मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळाचा दर्जा दिला. त्यात ग्रिप नसते: पुरलेल्या लाकडी खांबाला एरंडेल चोळून घर्षण कमी करतात, तर पकडीसाठी हाताला राळेची पूड लावतात. हात शाबूत असतील तरच सराव टिकतो, हे दोन्ही खेळांत सारखेच खरे आहे.