मुंबई दीड तासावर आली, पण कोणासाठी?

नागपूर ते मुंबई विमानाने साधारण दीड तास. सरळ रेषेत अंतर जेमतेम सातशे किलोमीटर. रेल्वेने ८३७ किलोमीटर, म्हणजे अख्खी रात्र. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, सरकारी हिशोबाने आठ तास. आकडे दरवेळी कमी होतात आणि आपण टाळ्या वाजवतो. टाळ्या जरूर वाजवा, पण थोडा इतिहासही बघा.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. बैलगाडीने कित्येक दिवस लागायचे, ते अंतर एकदम आटलं. फायदा कोणाला झाला? वऱ्हाडचा कापूस भराभर मुंबईच्या बंदरावर जायला लागला. मग जमशेटजी टाटांनी उलटा विचार केला. कापूस गिरणीकडे कशाला न्यायचा, गिरणीच कापसाकडे नेऊ. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि पुढं कित्येक पिढ्यांची चूल तिच्यावर पेटली.

दुसरी गोष्ट विमानाची. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावला जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की पहाटेपर्यंत आपापल्या शहरात परत. देशाच्या मधोमध असल्याचा केवढा अभिमान आपल्याला! पण थैल्या इथं फक्त बदलल्या जायच्या, उघडल्या जायच्या दुसरीकडेच.

आता राजधानीचं बघा. १९५६ पर्यंत नागपूर स्वतः मध्य प्रदेशची राजधानी होतं. ती गेली आणि मंत्रालय मुंबईचं झालं. हे होणार हे ओळखूनच १९५३ च्या नागपूर करारात लिहून घेतलं होतं की, सरकार दरवर्षी ठरावीक काळ नागपुरात येईल आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथं होईल. त्यातलं अधिवेशन तेवढं उरलं, तेही काही दिवसांचं. २०२० आणि २०२१ मध्ये करोनामुळे तेही झालं नाही. सरकार इथं राहायला येण्याचं काय झालं, हे कोणी विचारतही नाही.

याउलट हायकोर्टाचं. १९३६ पासूनचं आपलं हायकोर्ट १९५६ नंतर खंडपीठ म्हणून इथंच राहिलं. म्हणून गडचिरोलीच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठावी लागत नाही. त्याच्यासाठी हे अंतर कोणत्याही विमानाने नाही, एका खंडपीठाने कमी केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. अंतर दोन रीतींनी कमी होतं. एक तर माणसाने जास्त वेगाने धावायचं, नाही तर काम त्याच्या दाराशी आणायचं. पहिल्या रीतीला तिकिटाचे पैसे लागतात, दुसरीला सरकारची इच्छा. ज्याची फाईल मंत्रालयात अडकली आहे, त्या भामरागडच्या शेतकऱ्याला विमानाचा दीड तास काय कामाचा? त्याचा अर्धा दिवस तर नागपूर गाठण्यातच जातो.

तेव्हा यंदा अधिवेशनात नव्या विमानांची आणि रस्त्यांची मागणी होईल, ती होऊ द्या. पण आपल्या आमदाराला एक प्रश्न नक्की विचारा. कोणत्या खात्याचा निर्णय घेणारा अधिकारी वर्षभर नागपुरात बसणार आहे?