कुत्र्याच्या खाजेचा इतिहास



संघटनेचा माणूस बोलायला उभा राहिला की तो मजुरीवर नाहीतर बोनसवर बोलणार, असे गृहीत धरून आपण आला असाल. मी आज कुत्र्यांच्या खाजेवर बोलणार आहे. विषय हलका वाटेल. परंतु ह्या विषयात माझ्या हातून एक अन्याय घडलेला आहे, आणि त्यामुळेच मी ह्या वाटेला लागलो.

आमच्या हमाल संघटनेचे कार्यालय धान्याच्या गुदामाला लागून होते. जिन्याखाली खंड्या नावाचा एक कुत्रा असे. २००९ च्या पावसाळ्यात त्याच्या शेपटीच्या बुडाशी केस झडू लागले, कातडी लाल झाली आणि बिचारा रात्र रात्र स्वतःलाच चावत बसे. सगळे म्हणाले, लूत लागली. कोणीतरी गॅरेजमधले जळके ऑइल आणून त्याच्या अंगाला फासले. कातडी आणखी सोलली, आणि अंग चाटताना ते तेल त्याच्या पोटातही गेले. मग रोग माणसांना लागेल ह्या भीतीने कार्यकारिणीत ठराव झाला की कुत्र्यास आवाराबाहेर काढावे. ठराव मीच मांडला होता.

तो पुन्हा पुन्हा फाटकाशी येई. शेवटी आमच्यातल्या एका म्हाताऱ्या हमालाने त्याला हातगाडीवर घालून पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. लुतीचे किडे नव्हते. ते म्हणाले, "ह्याला पिसवेच्या चाव्याची अ‍ॅलर्जी आहे. ती कोणाला लागत नाही." मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. अ‍ॅलर्जी माणसाला होते एवढेच ऐकून होतो. कोश जवळ घेऊन वाचायला बसलो तेव्हा दिसले की ह्या विद्येचा आरंभच मुळी कुत्र्यापासून झाला आहे.

१९०१ च्या उन्हाळ्यात मोनाकोचे राजे पहिले आल्बेर ह्यांच्या नौकेवरून शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ अटलांटिक महासागरात गेले. निळ्या फुग्यासारखा पाण्यावर तरंगणारा, लांब तंतूंनी दंश करणारा एक प्राणी असतो. पावसाळ्यात तो मुंबईच्या किनाऱ्यालाही लागतो. त्याच्या विषाचा अभ्यास करावा असे राजेसाहेबांनी सुचवले होते. पॅरिसला परतल्यावर तो प्राणी मिळेना, म्हणून त्यांनी समुद्रफुलाचे विष घेतले. हेतू सरळ होता. देवीची लस टोचली की देवी येत नाहीत, त्याचप्रमाणे थोडे थोडे विष टोचून कुत्र्याला त्याची सवय लावावी.

नेपच्यून नावाचा एक धिप्पाड, निरोगी कुत्रा होता. जानेवारी १९०२ मध्ये त्याला विष टोचले. त्याला विशेष काही झाले नाही. फेब्रुवारीत, तो पूर्ण ठणठणीत असताना, पुन्हा तेवढेच विष टोचले. काही क्षणांतच त्याला धाप लागली. तो कुशीवर कोसळला, रक्ताची उलटी झाली, आणि सुमारे २५ मिनिटांत मेला. ज्याला सवय व्हायची तोच अधिक हळवा झाला होता. संरक्षणाच्या उलट, अशा अर्थाने रिशे ह्यांनी ह्या घटनेला 'अ‍ॅनाफिलॅक्सिस' असे ग्रीक नाव दिले. १९१३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नेपच्यूनचे नाव ग्रंथांत राहिले, एवढेच. पुष्कळ कुत्र्यांचे तेवढेही राहिले नाही.

पुढे व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के ह्या बालवैद्यांनी पाहिले की घटसर्पावर घोड्याच्या रक्तातली लस टोचलेली मुले ती लस दुसऱ्यांदा टोचल्यावर अधिक लवकर आजारी पडतात. १९०६ मध्ये त्यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द बनवला. त्यात दोन ग्रीक शब्द आहेत: 'आलोस' म्हणजे दुसरे आणि 'एर्गोन' म्हणजे काम. शरीर नेहमीपेक्षा वेगळेच काम करू लागते. संघटनेच्या माणसाला हा शब्द आवडावा ह्यात नवल नाही! १९११ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून ह्यांनी गवताच्या परागांचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत नेऊन रोग्यांना टोचला आणि हळवेपणा कमी करून दाखवला.

आता गंमत पाहा. प्रयोगाच्या टेबलावर कुत्रे मरत होते, औषधे माणसांसाठी निघत होती. परंतु अंगणातल्या कुत्र्याला आपोआप अ‍ॅलर्जी होत असेल, हे मांडायला नेपच्यूननंतर चार दशके लागली. १९४१ मध्ये विटिच ह्या अमेरिकन डॉक्टरांनी, आणि तेही माणसांचे डॉक्टर, दर शरद ऋतूत बेजार होणाऱ्या एका कुत्र्याची हकीकत छापली. त्याला रॅगवीड नावाच्या तणाचे पराग बाधत होते. नून ह्यांच्याच रीतीने त्यांनी त्याला अर्क टोचले. १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसू लागलेले आपले गाजरगवत ह्याच रॅगवीडच्या कुळातले. १९६० नंतरच्या दशकात माणसाच्या रक्तातला 'आय-जी-ई' हा दोषी घटक सापडला, आणि १९७२ च्या सुमारास रिचर्ड हॅलिवेल ह्या पशुवैद्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याच्या रक्तातला तसाच घटक माणसातल्या घटकाशी ताडून दाखवला. तेव्हा कोठे कुत्रा साधनाचा रोगी झाला.

हे मला फार ओळखीचे वाटले. सिमेंटची पोती वाहणाऱ्या हमालांचे हात फुटतात, खाजतात. सिमेंटमधल्या क्रोमियमच्या क्षारांची ती अ‍ॅलर्जी, हे १९५० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये उघड झाले. तरी "हात धूत नसाल" हेच उत्तर मी वर्षानुवर्षे ऐकले. खंड्याला मी वेगळे काय सांगितले होते?

असो. घरी कुत्रा असेल त्यांनी काय पाहावे? माणसाची अ‍ॅलर्जी बहुधा शिंकेतून बोलते, कुत्र्याची कातडीतून. तो पंजे चाटत राहतो, कान वारंवार बिघडतात, काखा व पोट लाल होते. पराग आणि घरधुळीतले सूक्ष्म किडे ह्यांची बाधा बहुधा सहा महिने ते तीन वर्षे ह्या वयात प्रथम दिसते. आधी लूत नाही ना, हे तपासून घ्यावे. मग पिसवा. हळव्या कुत्र्याला थोडे चावेही पुरतात. आणि पिसवांची अंडी व अळ्या कुत्र्याच्या अंगापेक्षा अंथरुणात व जमिनीच्या भेगांत जास्त असतात, तेव्हा नुसते कुत्र्याला धुऊन भागत नाही. अन्नाची शंका असेल तर निदान आठ आठवडे, त्याने पूर्वी कधी न खाल्लेले अन्नच, पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्यावे. गोमांस, दूध, कोंबडी आणि गहू हे नेहमीचे संशयित. आपण तर प्रेमाने रोज दूध-पोळीच घालतो! आणि परीक्षा चालू असताना मुलांनी चोरून दिलेले एक बिस्किटही ती बिघडवते.

स्टेरॉइडने खाज झपाट्याने थांबते, परंतु दीर्घकाळ दिल्यास तहान, भूक, वजन वाढते आणि कातडी पातळ होते. माणसांच्या शिंकांना उतार देणाऱ्या गोळ्या कुत्र्याच्या खाजेवर फारशा चालत नाहीत. २०१३ मध्ये ऑक्लॅसिटिनिब अमेरिकेत मंजूर झाले. त्यानंतर खाजेचा संदेश वाहणाऱ्या इंटरल्युकिन-३१ ला अडवणारे इंजेक्शनही आले. अर्क टोचण्याची जुनी रीत आजही आहे. तिला महिनोन् महिने लागतात आणि सर्वांना गुण येत नाही. रोग बहुधा मुळापासून जात नाही, तो आटोक्यात ठेवावा लागतो. घरातल्या गोळ्या मात्र मनाने देऊ नयेत, आणि ऑइल तर मुळीच फासू नये.

आम्ही जिन्याखालची फरशी झाडून धुतली, जुनी पोती जाळली, आणि पशुवैद्यांनी दिलेले पिसवांचे औषध दर महिन्याला खंड्याच्या मानेवर घालू लागलो. त्याचा खर्च चहाच्या खात्यातून निघे. दिवाळीपर्यंत शेपटीला केस आले. पुढे सहा वर्षे तो त्याच जिन्याखाली राहिला. इतिवृत्तातला ठराव, माझ्या सहीसह, अजून तसाच आहे. तो रद्द करायचे राहूनच गेले.