इंग्रजांचे अवघड इंग्रजी

इंग्रजीचा विषय निघाला की खेड्यातल्या पुष्कळ मुलांचे चेहरे उतरतात. गणितात हुशार असलेला मुलगासुद्धा धड्यात चार-दोन लांबलचक शब्द ओळीने आले की पुस्तक मिटून ठेवतो. ‘ही साहेबाची भाषा, आपल्याला कुठली जमायची!’ असे घरची माणसे म्हणतात. इंग्रजीपायी कित्येकांची शाळा सुटते, म्हणून हा प्रश्न साधा नाही. तेव्हा इतिहासालाच विचारू या, की हे अवघड शब्द साहेबाला तरी पहिल्यापासून जमत होते काय? इतिहास म्हणतो, नव्हते.

इंग्रजांची मूळ बोली शेतकऱ्याची, घरगुती वापराची. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबारात फ्रेंच भाषा आली. चर्चचा आणि विद्यापीठांचा कारभार तर लॅटिनमध्येच चाले. पुढे सोळाव्या शतकात विद्वान मंडळी इंग्रजीत ग्रंथ लिहू लागली, तेव्हा त्यांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शेकड्यांनी शब्द उचलले. म्हणून इंग्रजीत एकाच अर्थाचे दोन-दोन, तीन-तीन शब्द सापडतात. विचारणे या अर्थी ‘आस्क’ हा घरचा शब्द, ‘क्वेश्चन’ हा फ्रेंचमधून आलेला आणि ‘इंटरॉगेट’ हा लॅटिनमधला. आपल्याकडे तरी काय वेगळे आहे? आपण घरात ‘विचारतो’, पंचायतीत ‘सवाल करतो’ आणि कागदावर ‘पृच्छा करतो’. पहिला शब्द घरचा, दुसरा अरबी-फारसीच्या वाटेने आलेला, तिसरा संस्कृत.

आता इंग्लंडातली अडचण पाहा. तिथल्या ग्रामर स्कूलमध्ये मुख्यतः लॅटिन शिकवीत. तिथे जाण्याची ऐपत सगळ्यांना नव्हती, आणि मुलींना तर बहुधा तिथे प्रवेशच नसे. त्यामुळे रविवारी चर्चमध्ये प्रवचनाला बसलेल्या बाईला स्वतःच्याच भाषेतले शब्द कळेनासे झाले. यावर मोठा वाद माजला. अशा शब्दांना लोक चेष्टेने ‘शिंगाच्या दौतीतले शब्द’ म्हणत, कारण त्या काळी शाई शिंगाच्या दौतीत ठेवीत. थॉमस विल्सन याने १५५३ मध्ये आपल्या वक्तृत्वशास्त्राच्या ग्रंथात या पंडिती भाषेची भरपूर टर उडवली. जॉन चीक हा ग्रीकचा नामवंत पंडित. पण बायबलमधल्या एका भागाचे भाषांतर करताना त्याने ‘सेंच्युरियन’ हा शब्द टाळला आणि शंभरांचा नायक म्हणून ‘हंड्रेडर’ असा घरचा शब्द बनवला. तो काही टिकला नाही. आलेले पाहुणे घरातच राहिले.

मग सामान्य माणसाच्या मदतीला आले कोण? श्रोत्यांमध्ये शिक्षक असतील, त्यांनी हे मुद्दाम ऐकावे. मदतीला आले ते शाळामास्तर. १५९६ मध्ये एडमंड कूट या शिक्षकाने एक शालेय पुस्तक काढले आणि शेवटी अवघड शब्दांची यादी जोडली. हे पुस्तक त्याने शिंपी, विणकर, दुकानदार यांच्यासाठीही लिहिले होते. ही माणसे आपले काम न थांबवता चार मुलांना शिकवीत, त्यांना ते उपयोगी पडावे हा त्याचा हेतू.

ती यादी पुढे वाढवली रॉबर्ट कॉड्री याने. ओकहॅम गावच्या शाळेत तो मास्तर होता, पुढे साउथ लफनम येथे धर्मोपदेशक झाला. धार्मिक मतभेदांमुळे त्याची ती जागा गेली. तरी मुलगा थॉमस, जो स्वतः शिक्षक होता, त्याच्या मदतीने त्याने १६०४ मध्ये सुमारे अडीच हजार शब्दांचे लहानसे पुस्तक छापले. इंग्रजीतून इंग्रजीत अर्थ देणारा हा पहिला स्वतंत्र कोश मानतात. तो पंडितांसाठी नव्हता. स्त्रियांसाठी आणि ज्यांना शिक्षण मिळाले नाही अशांसाठी तो आहे, असे त्याने मुखपृष्ठावरच छापले. एकेका शब्दापुढे सोपा, दोन-चार शब्दांत मावणारा अर्थ. वर्णानुक्रमाने शब्द कसा शोधावा हेसुद्धा त्याला प्रस्तावनेत समजावून सांगावे लागले, कारण वाचकांना ती रीत नवी होती! शिवाय साध्या माणसांना कळेल असेच बोला, उगाच परके शब्द मिरवू नका, हा उपदेशही त्याने केला.

पुढे जवळजवळ शंभर वर्षे इंग्रजी कोश म्हणजे मुख्यतः अवघड शब्दांचाच कोश असे. सॅम्युएल जॉन्सनचा प्रसिद्ध कोश १७५५ मधला. आपल्याकडे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, आणि त्याने आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरा केला.

या इतिहासातून वर्गात नेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, लांब शब्द पाठ करण्याआधी तो फोडून पाहावा. लॅटिनमध्ये ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे. आत आणणे ते ‘इम्पोर्ट’, बाहेर पाठवणे ते ‘एक्स्पोर्ट’, इकडून तिकडे नेणे ते ‘ट्रान्स्पोर्ट’, आणि बातमी परत आणून देणे तो ‘रिपोर्ट’. संस्कृतात ‘हृ’ या धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, तीच ही रीत. एक धातू कळला की चार शब्द आपोआप हाती येतात.

दुसरी गोष्ट, कॉड्रीसारखी वही गुरुजींनी मुलांकडूनच करून घ्यावी. आठवड्याला दहा शब्द पुरेत. शब्द, तो कुठून आला, आणि मुलाच्या स्वतःच्या मराठीत त्याचा सोपा अर्थ. वर्षअखेर अडीच हजार होणार नाहीत, पण तीन-चारशे नक्की होतील. मुख्य म्हणजे मुलाला कळेल की हे शब्द अडले म्हणून आपण मंदबुद्धी ठरत नाही. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडातला विणकर आणि त्याची बायको याच शब्दांपाशी अडली होती. त्यांनी कोश उघडला आणि ती पुढे गेली. आपल्या मुलांच्या हाती कोश देणे, तो उघडायला शिकवणे, एवढे आपले काम आहे.