तुरुंगातील गालिचे आणि बाजारपेठ

विंडसरच्या राजवाड्यात वॉटर्लू नावाच्या दालनात एक प्रचंड गालिचा अंथरलेला आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीस 50 वर्षे झाली त्या निमित्ताने तो आग्र्याच्या तुरुंगात विणला गेला. 1992 साली राजवाड्यास आग लागली तेव्हा तो हलविण्यास 50 शिपाई लागले. गालिच्याची कीर्ती झाली. विणणारे मात्र ‘आग्र्याचे कैदी’ एवढ्याच नावाने उरले.

आपल्याकडे येरवड्याचा गालिचाही असाच नावाजलेला. 1871 साली उभारलेल्या या तुरुंगात विजापूरच्या असर महालातील जुन्या गालिच्यांवरून नमुने उतरवीत. आदिलशाही राजधानीत जपलेली नक्षी चोरदरोडेखोरांच्या बोटांतून पुन्हा उमटावी, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा!

परंतु या उद्योगाची दुसरी बाजू तितकी रम्य नाही. बेळगावी जन्मलेले आणि मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले जॉर्ज बर्डवुड यांनी 1880 साली आपल्या ग्रंथात तुरुंगातील गालिच्यांवर कडक टीका केली. तुरुंगाच्या या चढाओढीने देशी गालिच्यांची कला खालावली, असा त्यांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी खोटा म्हणता येईल काय? बंद्यास अन्न सरकार घालते, जागेचे भाडे नाही, मजुरी जवळजवळ नाही. अशा मालाच्या किमतीशी घरी माग चालवून बायकामुले पोसणाऱ्या विणकराने टक्कर कशी द्यावी? हीच भीती पाश्चात्त्य देशांसही होती. परदेशी तुरुंगांतील मालाच्या आयातीस इंग्लंडने 1897 साली कायद्याने बंदी घातली. अमेरिकेतही 1929 च्या कायद्याने परराज्यांतून येणारा असा माल अडविण्याची मुभा त्या त्या राज्यास मिळाली.

आमच्या मते मात्र दोष बंद्याच्या कामात नसून किमतीच्या हिशेबात आहे. मजुरी रास्त धरली तर वस्तूची किंमत आपोआप बाजाराच्या पातळीस येते, आणि बाहेरच्या कारागिरावरचा अन्याय बराच टळतो. 1998 साली सर्वोच्च न्यायालयाने बंद्यांस न्याय्य मजुरी द्यावी असे सांगितले. तीतून त्यांच्या पोटाचा खर्च वजा करण्यास मोकळीक दिली, आणि काही भाग अपराधाने पोळलेल्यांसाठी राखून ठेवण्याचीही दिशा दाखविली. हा शेवटचा मुद्दा आम्हास विशेष मोलाचा वाटतो. गालिचा विकत घेणारा तेव्हा नकळत तिघांचे देणे फेडीत असतो.

अलीकडे नाशिकरोडच्या तुरुंगात गणेशमूर्ती घडल्या, तर कोल्हापुरास कळंब्याच्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले. देवाच्या प्रसादास ज्यांचे हात चालतात त्यांच्या हातची सतरंजी घरात घालण्यास कोणी कचरू नये. अडचण आहे ती निराळीच. विक्रीची दुकाने बहुधा मोठ्या तुरुंगांच्या दाराशी. अंबाजोगाई तालुक्यातील आमच्या घाटनांदूरच्या गृहस्थाने एका टॉवेलासाठी छत्रपती संभाजीनगर अथवा पुणे गाठावयाचे म्हटले, तर वस्तूच्या किमतीहून प्रवासखर्चच अधिक व्हावयाचा.