हद्दीची पुरलेली खूण शोधताना : मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा?

नेरे (ता. पनवेल) : भातकापणी उरकली, खाचरे कोरडी पडली की बांधांकडे लक्ष जाते. दरवर्षी नांगराच्या एका तासाने कोरला जाणारा बांध दहा-वीस वर्षांत हातभर सरकलेला असतो आणि कोपऱ्यावरचा दगड मातीखाली गेलेला असतो. पूर्वी अशा प्रश्नावर भावकीत दोन दिवस कुरबुर होई. आता तसे राहिलेले नाही. २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळ प्रभावित अधिसूचित क्षेत्र, म्हणजेच ‘नैना’ जाहीर झाले आणि नेरे, विहीघर, कोप्रोली परिसरातील भातशेती नगर रचनेच्या नकाशावर आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. योजनेत जमीनमालकाला मूळ क्षेत्राच्या ४० टक्के भूखंड परत मिळतो, त्यामुळे मूळ क्षेत्राचा गुंठा न् गुंठा मोलाचा ठरला आहे. साहजिकच जमिनीत गाडली गेलेली हद्दीची खूण शोधण्यासाठी मेटल डिटेक्टरचा पर्याय पुढे येतो. मात्र हे यंत्र विकत घेण्यापूर्वी किंवा भाड्याने आणण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे आवश्यक आहे.

आधी खूण कशाची, ते पाहावे

मेटल डिटेक्टर धातू शोधतो, हद्द नव्हे. महाराष्ट्रातील जुन्या भूमापनात हद्दीच्या खुणा प्रामुख्याने दगड, मातीचे बुरूज आणि बांध अशा होत्या. यांपैकी कशातही धातू नाही. काळ्या पाषाणाचा घडीव दगड दोन फूट खाली असेल, तर कितीही महागडे यंत्र तो शेतातील इतर दगडांपासून वेगळा ओळखू शकत नाही. याउलट अलीकडच्या खासगी मोजणीत किंवा भूखंड पाडताना पुरलेली लोखंडी सळई, पाइपचा तुकडा, सळई घातलेला काँक्रीटचा खांब किंवा खांबावर बसवलेली पितळी चकती यंत्राने सापडू शकते. म्हणून पहिला प्रश्न यंत्राच्या किमतीचा नसून शेवटची मोजणी केव्हा झाली आणि तेव्हा काय पुरले, हा आहे. त्याचे उत्तर मोजणीच्या ‘क’ प्रतीवरून आणि गावातील जाणत्या माणसांकडून मिळू शकते.

यंत्रांचे दोन प्रमुख प्रकार

पहिला प्रकार चुंबकीय शोधक यंत्राचा. काठीसारख्या लांब नळीत सुमारे दीड-दोन फूट अंतरावर दोन संवेदक असतात. जमिनीतील लोखंडामुळे दोन्ही ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्रात जो फरक पडतो, तो यंत्र आवाजाच्या चढउताराने सांगते. उभ्या पुरलेल्या सळईच्या बरोबर वर आवाज सर्वांत तीव्र होतो, तर आडव्या पाइपवर तो दोन्ही टोकांशी वाढतो. परदेशातील भूमापक हेच यंत्र वापरतात. शॉनस्टेड ही अमेरिकी कंपनी त्यासाठी प्रसिद्ध असून, मिटवून छोट्या पिशवीत ठेवता येतील अशी यंत्रेही या प्रकारात मिळतात. मर्यादा एकच, पण मोठी : पितळ, तांबे किंवा ॲल्युमिनियम त्याला मुळीच कळत नाही.

दुसरा प्रकार सर्वपरिचित गोल तबकडीच्या यंत्राचा. तबकडीतील तारेच्या वेटोळ्यातून विद्युतचुंबकीय लहरी जमिनीत सोडल्या जातात आणि धातूकडून येणारा प्रतिसाद टिपला जातो. पितळी चकतीसाठी हाच प्रकार उपयोगी. परंतु उभ्या बारीक सळईचे फक्त टोक तबकडीसमोर येत असल्याने प्रतिसाद क्षीण मिळतो. शिवाय ही यंत्रे नाणी व दागिने शोधणाऱ्यांसाठी बनवलेली असल्याने लोखंड वगळण्याची सोय त्यांत असते. हद्दीची सळई शोधताना ती सोय बंद ठेवावी, अन्यथा जे शोधायचे तेच यंत्र गाळून टाकते.

प्रवेशद्वारावर सुरक्षारक्षक वापरतात ते हातातील डिटेक्टर या कामाचे नाहीत, त्यांची पोच काही सेंटिमीटरचीच असते. खड्डा खणल्यावर नेमकी जागा दाखवणारा बोटभर जाडीचा ‘पॉइंटर’ मात्र जोडीला असल्यास उपयोगी पडतो.

इथल्या मातीचा अडथळा

नेरे माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याकडे, गाढी नदीच्या खोऱ्यात आहे. डोंगरातून वाहून आलेले काळ्या बेसाल्टचे गोटे आणि जांभ्याची लाल माती यांत लोहाचे अंश असतात. बेसाल्टमधील चुंबकीय खनिजांमुळे चुंबकीय शोधक यंत्र जागोजागी खोटा आवाज देऊ शकते, तर तबकडीचे यंत्र लोहयुक्त मातीमुळे सतत कुरकुरते. म्हणूनच कोकणात तबकडीचे यंत्र घेताना मातीनुसार जुळवणी करता येते का, हे पाहावे. कारखान्यातच कायमची जुळवणी केलेले स्वस्त यंत्र येथे डोकेदुखी ठरते. चुंबकीय यंत्रात संवेदनक्षमता कमी-जास्त करण्याचे बटण हवेच. गोट्यांच्या शेतात ती सर्वांत वर नेऊन उपयोग नसतो, उलट कमी करूनच खरी सळई वेगळी कळते.

निवड करताना

वजन तासभर एका हाताने पेलता यावे. मिटवल्यावर यंत्र दुचाकीवर नेता यावे. जवळच्या बाजारात मिळणारे सेल चालावेत. संवेदक किंवा तबकडीचे टोक दवाने भिजले तरी बिघडू नये. रस्त्यालगतच्या गोंगाटात कानाला लावण्याची सोय असावी. तबकडी मध्यम असावी. मोठी खोल पाहते, पण काटेरी तारेजवळ गोंधळते.

विकत घेण्यापूर्वी परीक्षा अंगणात नव्हे, शेतात घ्यावी. हातभर लांबीची सळई उभी पुरून तिचे टोक प्रथम अर्धा फूट, नंतर एक फूट खाली ठेवावे आणि यंत्र काय सांगते ते पाहावे. जाहिरातीतील खोलीचे आकडे बहुधा मोठ्या वस्तूचे असतात. एकाच कामासाठी नवे यंत्र घेण्यापेक्षा भाड्याने आणणे किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून घेणे परवडते.

शोध कागदावरून सुरू व्हावा

यंत्र घेऊन सारे शेत फिरणे निरर्थक आहे. भूमी अभिलेख कार्यालयातून टिपण, फाळणी नकाशा व गाव नकाशाची नक्कल घ्यावी. जुन्या टिपणातील अंतरे ३३ फुटांच्या साखळीत व तिच्या सोळाव्या भागात, म्हणजे आण्यांत असतात. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. शाबूत असलेल्या दोन खुणांपासून फितीने अंतर मोजून संभाव्य जागी चुन्याची खूण करावी आणि तिच्याभोवती चार-पाच फुटांतच आडवे-उभे शोधावे. कोयता, कुदळ, पहार व मोबाइल दूर ठेवावेत. तारेचे कुंपण, पत्र्याची शेड व उभी वाहने यांच्याजवळचा आवाज ग्राह्य धरू नये. आवाज मिळाल्यावर पहारीचा घाव न घालता खुरप्याने माती काढावी, कारण खाली वीजवाहिनी किंवा जलवाहिनीही असू शकते.

सापडल्यानंतर

सापडलेली सळई हद्दीचीच असेल असे नाही. जुन्या कुंपणाचा खांब किंवा नांगराचा मोडका फाळही तसाच आवाज देतो. म्हणून ती उपटू नये किंवा सरळ करू नये. शेजाऱ्याला बोलावून जागेवरच छायाचित्र घ्यावे, अंतरे नोंदवावीत आणि मोजणीसाठी अर्ज करावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार आपल्या जमिनीच्या हद्दीच्या खुणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी धारकावरच आहे. सरकारी अधिकाराने बसवलेली खूण नष्ट करणे किंवा हलवणे हा भारतीय न्याय संहितेनुसार एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे. खणताना जुनी नाणी वा मौल्यवान वस्तू निघाल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

राज्यात आता ७७ स्थिर उपग्रह संदर्भ केंद्रांच्या आधारे ‘रोव्हर’ने मोजणी होते आणि हरवलेला कोपरा पुन्हा दाखवणे सुकर झाले आहे. परंतु जुने टिपण जमिनीवर उतरवताना भूकरमापकाला आधार लागतो तो जागेवर उरलेल्या जुन्या खुणांचाच. एक जुनी खूण हलली, तर आपल्याबरोबर शेजारच्या चार शेतांचा हिशेब बिघडतो. मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठांकडे निमताना मोजणीचा मार्ग खुला आहे. त्या मोजणीतही यंत्राच्या आवाजाला पुरावा म्हणून किंमत नाही. जागेवर शाबूत राहिलेल्या खुणेला मात्र आहे.