एका विद्यार्थिनीचा निबंध आणि पेशवाईनंतरचें पुणें

इतिहास लिहावयाचा म्हणजे बखरी, सनदा, तहनामे, पत्रव्यवहार आणि जमाखर्चाच्या वह्या चाळावयाच्या, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. आणि ती चुकीची नाहीं. परंतु शाळेंत जाणाऱ्या मुलीनें लिहिलेला एखादा निबंध हाही इतिहासाचा अस्सल कागद होऊं शकतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अशा निबंधाचें मराठींतील एक ठळक उदाहरण १८५५ सालचें आहे. अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत तो दोन भागांनीं छापला गेला. विषय मांग व महार यांच्या दुःखांचा. आणि लेखिका मुक्ता साळवे ही पुण्यांतील जोतीराव फुले यांच्या शाळेंत शिकणारी, मांग जातींत जन्मलेली, सुमारें चौदा वर्षांची विद्यार्थिनी. आपल्या काळच्या समाजव्यवस्थेविषयीं व नीति-अनीतीविषयीं एका शाळकरी मुलीला काय वाटत होतें, हें तिच्याच शब्दांत सांगणारा इतका जुना कागद मराठींत विरळाच. त्याची थोडी बारकाईनें ओळख करून घेणें उद्‍बोधक ठरेल.

हा निबंध समजावयाचा तर आधीं त्या वेळचें पुणें डोळ्यांपुढें आणिलें पाहिजे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. दुसरा बाजीराव बिठूरास गेला व तेथेंच १८५१ सालीं वारला; म्हणजे मुक्तेचा निबंध छापला गेला तेव्हां त्याच्या मृत्यूला जेमतेम चार वर्षें झालीं होतीं. राज्य गेलें, तरी पुण्याची राहणी एकाएकीं पालटली नव्हती. बाजीरावानें बांधविलेल्या विश्रामबागवाड्यांत कंपनी सरकारनें १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा उघडली, तीही जुन्या विद्येचा व विद्वानांचा मान राखावा या हेतूनें. विद्या हा शब्द उच्चारला कीं शास्त्री-पंडितांची मूर्ति लोकांच्या मनांत उभी राही. मुलींनीं पाटी हातीं धरणें अशुभ मानीत. आणि अस्पृश्यांच्या मुलींनीं ती धरावी, ही गोष्ट तर कल्पनेच्याही बाहेरची होती.

अशा शहरांत १८४८ सालीं जोतीराव फुले यांनीं बुधवार पेठेंतील भिड्यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढली. त्यांच्या पत्नी सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. लोकनिंदेचा भार असह्य होऊन जोतीरावांच्या वडिलांनीं मुलाला व सुनेला घराबाहेर काढलें, तरी काम थांबलें नाहीं. सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासारखे ब्राह्मण स्नेहीही जोतीरावांच्या पाठीशीं उभे राहिले. लवकरच महार-मांगांच्या मुलांमुलींसाठींही शाळा निघाल्या, आणि तेथें मुलें यावींत म्हणून लहुजी वस्ताद साळवे यांनीं आपल्या वजनाचा उपयोग केला. १६ नोव्हेंबर १८५२ रोजीं विश्रामबागवाड्यांत मेजर कँडी यांच्या हस्तें जोतीरावांस शालजोडी देऊन सरकारनें त्यांचा सत्कार केला. ज्या वाड्यांत अखेरच्या पेशव्याचा दरबारी थाट चालला, त्याच वाड्यांत शूद्रातिशूद्रांच्या शिक्षकाचा गौरव व्हावा, यांत काळाचा फेरा दिसून येतो. त्या नव्या शाळांतून फार तर तीन-चार वर्षें शिकलेल्या मुलीनें जें लिहिलें, तें म्हणजे हा निबंध.

निबंधाचा मजकूर बारकाईनें पाहिला असतां त्यांत तीन प्रकारच्या गोष्टी आढळतात: वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या, स्वतः पाहिलेल्या आणि स्वतःच्या बुद्धीनें विचार करून काढलेल्या. या तिन्हींचें मोल निरनिराळें आहे, आणि तीं एकत्र मिसळल्यास निबंधावर अन्याय होतो.

ऐकलेल्या गोष्टी सर्वांत भयंकर आहेत. बाजीरावाच्या राज्यांत मांग किंवा महार तालीमखान्यापुढून गेला तर त्याचें डोकें उडवून त्याचा चेंडूसारखा खेळ करीत, असें मुक्ता लिहिते. मोठमोठ्या इमारती बांधतांना मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पायांत पुरीत, असेंही ती सांगते. यांपैकीं कोणी लिहूं-वाचूं लागला तर ब्राह्मणांच्या उपजीविकेवर घाला आला असें मानून राज्यकर्ते संतापत, हाही तिचा आरोप आहे. आतां मुक्तेचा जन्म पेशवाई बुडाल्यावर वीस-बावीस वर्षांनीं झालेला. म्हणून हें सर्व तिनें वाड्यावस्तीवर म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलें असलें पाहिजे. इतिहासाच्या अभ्यासकानें अशा मजकुराला दुसरा आधार शोधावा, हें रास्तच. परंतु तोच नियम त्यानें बखरींनाही लावावा. बखरींतील कित्येक प्रसंग असेच ऐकीव असतात, आणि तरीही ते आपण आदरानें वाचतों. शिवाय, एखाद्या राजवटीची कोणती आठवण एखादी जात आपल्या मुलांना सांगत राहते, हा स्वतःच एक पुरावा आहे. ज्या राज्याचे पवाडे एका पेठेंत गाइले जात होते, त्याच राज्याचें नांव गांवकुसाबाहेर भयानें घेतलें जात होतें, एवढें तरी हा निबंध निःसंशय सिद्ध करितो.

दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींस साक्षीदाराची गरज नाहीं, कारण तेथें मुक्ता स्वतःच साक्षीदार आहे. मांग-महारांच्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हां त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतें. थंडीवाऱ्यांत व पावसांत त्यांचे हाल होतात. आणि बाळंतरोग जडला तर वैद्याला द्यावयास पैसा कोठून आणावा, हें ती लिहिते. ब्राह्मणांच्या मुलांनीं दगड मारून रक्त काढलें तरी या लोकांचीं मुलें तक्रार करीत नाहींत, कारण उष्टें-शिळें मागावयास त्यांच्याच दारीं जावयाचें असतें, हेंही ती सांगते. या ठिकाणीं तिची भाषा आवेश सोडून अगदीं साधी होते. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नाहीं, ही गोष्ट त्या काळच्या कोणत्या दप्तरांत नोंदली जाणार? महसुलाच्या कागदांत तिला जागा नाहीं. तहनाम्यांत तर नाहींच. ती लिहावयास त्या वस्तींतल्या मुलीच्या हातीं लेखणी यावी लागली.

तिसरा भाग विचाराचा, आणि निबंधाचें खरें बळ त्यांतच आहे. वेद हे आपलेच, ते इतरांनीं वाचूं नयेत, पाहूंही नयेत, असें ब्राह्मण म्हणतात, हें गृहीत धरून मुक्ता त्यांतून निघणारा निष्कर्ष पुढें मांडते. तसें असेल तर आम्हांला धर्मपुस्तकच नाहीं. आणि धर्मपुस्तक नाहीं तर आम्ही धर्माविरहित ठरलों. मग आमचा धर्म कोणता, तो आम्हांला कळव, असें ती थेट ईश्वरालाच विचारते. ज्या धर्माचा उपभोग एकानेंच घ्यावा व बाकीच्यांनीं त्याच्या तोंडाकडे पाहात राहावें, तो धर्म पृथ्वीवरून नाहींसा होवो, अशी तिची प्रार्थना आहे. या तर्काचा नेमका मारा कोठें आहे हें पाहण्याजोगें आहे. वेद खोटे आहेत असें ती म्हणत नाहीं. त्या वादांत ती शिरतच नाहीं. जो ग्रंथ उघडण्याचीही मनाई आहे, त्याचीं बंधनें मात्र आमच्यावर कशीं लादतां, एवढाच तिचा प्रश्न आहे. कायद्याचें पुस्तक लपवून ठेवून शिक्षा करणाऱ्या न्यायाधीशाला विचारावा तसा हा प्रश्न आहे. आणि चौदा वर्षांच्या मुलीनें तो कोणाही वकिलाच्या मदतीवांचून विचारला.

या निबंधाला विश्वासार्हता येते ती आणखी एका कारणानें. दोष दाखवितांना मुक्ता स्वकीयांकडे डोळेझांक करीत नाहीं. ब्राह्मणांपासून शिकलेला सोवळेपणाचा रोग महारांनाही लागला आहे आणि ते आपणांस मांगांपेक्षां उंच समजतात, हें ती स्पष्टपणें सांगते. उच्चवर्णीयांचा अन्याय सर्वांना दिसतो. परंतु तोच अन्याय पीडितांच्या मनांतही झिरपून एक पायरी खालीं उतरतो, हें ओळखण्यास फार सावध नजर लागते. शेवटीं ती आपल्या बांधवांना दारिद्र्यानें व अज्ञानानें पीडलेले रोगी म्हणते आणि ज्ञान हेंच त्यावरचें औषध आहे असें बजावते.

इंग्रजी राज्याविषयीं मात्र ती कृतज्ञतेनें लिहिते. पूर्वीं बरें वस्त्र अंगावर घातलें तर चोरीचा आळ येई. आतां ज्याच्याजवळ पैसा आहे तो वस्त्र विकत घेऊन घालूं शकतो. बाजारांत वावरण्याची मोकळीक मिळाली. पायांत पुरणें थांबलें. हा भाग वाचून कोणाचें मन खट्टू होणें शक्य आहे. 'ज्ञानोदय' हें मिशनऱ्यांचें पत्र होतें व हिंदु समाजाचे दोष दाखविणाऱ्या मजकुराला त्यांत आनंदानें जागा मिळत असे, हेंही विसरून चालणार नाहीं. तथापि तिची कृतज्ञता खोटी ठरविण्याआधीं तुलनेला तिच्यापुढें कोणतीं दोन राज्यें होतीं, याचा विचार झाला पाहिजे. परकीय राज्य चांगलें कीं स्वकीय, हा प्रश्न तिच्यापुढें नव्हता. रस्त्यावरून भिवून चालावें लागतें कीं निर्भयपणें, हा तिच्यापुढचा प्रश्न होता.

आणि त्या राज्याचीही मर्यादा लवकरच उघडी पडली. निबंध छापून सव्वा वर्ष होतें न होतें तोंच, जून १८५६ मध्यें, धारवाड येथील एका महार विद्यार्थ्यानें सरकारी शाळेंत घ्यावें म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूस आहे हें सरकारनें मान्य केलें. परंतु एका विद्यार्थ्याकरितां पिढ्यान्‌पिढ्यांच्या समजुतींच्या आड येणें इष्ट नाहीं, असें ठरवून अर्ज नामंजूर केला. म्हणजे बाजार उघडा झाला होता, पण सरकारी शाळेचें दार अजून बंद होतें. मुक्तेला जें औषध मिळालें तें सरकारच्या कृपेनें नव्हे, तर पुण्यांतील कांहीं माणसांनीं लोकनिंदा सोसून चालविलेल्या शाळेमुळें मिळालें, हें या दोन घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे कळून येतें.

पुढील काळाकडे पाहिलें म्हणजे या निबंधाचें स्थान अधिक स्पष्ट होतें. ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' हा ग्रंथ १८८२ सालीं निघाला. गोपाळबाबा वलंगकर यांचें 'विटाळविध्वंसन' १८८८ सालचें. डॉक्टर भीमराव आंबेडकर यांचा जन्म १८९१ चा. त्यांचें 'मूकनायक' पत्र १९२० सालीं सुरू झालें, आणि महाडच्या चवदार तळ्याचें पाणी अस्पृश्यांनीं ओंजळींत घेतलें तो दिवस २० मार्च १९२७ चा. भारताच्या राज्यघटनेचा अंमल २६ जानेवारी १९५० पासून सुरू झाला आणि तिच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. तेव्हां मुक्तेच्या निबंधाला ९५ वर्षें होत आलीं होतीं. या सर्व घडामोडी तिच्या निबंधामुळें झाल्या असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु पुढें सभांतून, ग्रंथांतून व न्यायमंदिरांतून जे प्रश्न विचारले गेले, त्यांपैकीं बहुतेक प्रश्न एका शाळकरी मुलीच्या लेखणींतून आधींच उतरले होते, हें खरें आहे.

श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं आज मुलें निबंध लिहितात. पावसाळ्याची मौज, आवडता सण, विज्ञानाचे फायदे असे विषय त्यांना दिले जातात. त्यांनींही ठराविक वाक्यें जुळवून ते पुरे करावेत आणि शिक्षकानें ऱ्हस्व-दीर्घ तपासून गुण द्यावेत, असा क्रम आहे. भाषा शुद्ध लिहिण्याची संवय लागण्यासाठीं हेंही आवश्यकच आहे. परंतु मुलगा किंवा मुलगी आजूबाजूच्या जगांतील अन्याय पाहत असते, आणि मोठ्यांनीं तो पाहणें कधींच सोडून दिलेलें असतें. १८५५ सालीं जोतीरावांच्या शाळेनें आपल्या विद्यार्थिनीला केवळ अक्षरें शिकविलीं नाहींत; तिनें जें पाहिलें तें लिहावयास योग्य आहे, असा विश्वासही तिला दिला. घरांतल्या व शाळेंतल्या वडीलमंडळींनीं मुलांच्या वहींत शुद्धलेखनाच्या चुका जरूर शोधाव्यात. मात्र त्याच वहींत एखादा प्रश्न आपणांस उद्देशून लिहिलेला नाहीं ना, हेंही एकदां पाहून घ्यावें.