कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेली फुलं जास्त दिवस टिकतात का?

व्हॅलेंटाइन डे जवळ आला की पुणे जिल्ह्यातल्या मावळचे गुलाब देशात आणि परदेशात रवाना होतात. तोडणीपासून ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत फुलाला कित्येक दिवस तग धरावा लागतो. वाटेत पाकळ्या काळवंडल्या, तर शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मग सफरचंदांसारखे गुलाबही कमी ऑक्सिजनमध्ये साठवता येतील का?

फूल तोडल्यावरही श्वास घेतं

तोडलेलं फूल जिवंतच असतं. ऑक्सिजन वापरून ते स्वतःजवळची साखर खर्च करत राहतं. हा साठा जितक्या लवकर संपेल, तितक्या लवकर फूल कोमेजतं. हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो काही टक्क्यांवर आणला की श्वसन मंदावतं. शिवाय फुलाला म्हातारं करणारा इथिलीन वायू तयार व्हायलाही ऑक्सिजन लागतो. त्यामुळे कार्नेशनसारख्या, इथिलीन अजिबात न सोसणाऱ्या फुलांना याचा फायदा होऊ शकतो. १९६०च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत डॅफोडिलची फुलं तर नायट्रोजनमध्ये नेहमीच्या हवेपेक्षा जास्त दिवस टिकली.

मग सगळेच असं का करत नाहीत?

कारण ऑक्सिजन फारच कमी झाला, तर फुलाच्या पेशींमध्ये आंबण्याची क्रिया सुरू होते. अल्कोहोल साचतं आणि फूल आतून खराब होतं. सोबत कार्बन डायऑक्साइड वाढला, तर लाल गुलाबाच्या पाकळ्या निळसर पडू शकतात. प्रत्येक फुलाची, अगदी प्रत्येक वाणाची सहनशक्ती वेगळी असते. सफरचंदाच्या बंद खोलीत एकच फळ महिनोन्‌महिने राहतं. फुलांचा माल मात्र मिश्र असतो आणि सतत आत-बाहेर होतो. म्हणून एवढा खर्च सहसा परवडत नाही.

खरा आधार थंडीचाच

गुलाबासाठी ० ते २ अंश सेल्सिअस तापमान आणि भरपूर आर्द्रता हाच सर्वात भरवशाचा उपाय आहे. कमी ऑक्सिजन फार तर त्याला जोड देतो. ऑर्किड, अँथुरियमसारख्या उष्ण प्रदेशातल्या फुलांना मात्र एवढी थंडी बाधते.

घरी काय कराल?

फुलं प्लास्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नका. देठ तिरका कापा, पाणी रोज बदला आणि फुलदाणी पिकलेल्या केळी-सफरचंदांपासून लांब ठेवा. ही फळं इथिलीन सोडतात.